चुलीवर रांधणारे देश अक्षय ऊर्जेत पुढे कसे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात छपरावरच्या सोलरचं सांगता सांगता मी आफ्रिकेतल्या कर्जबाजारी देशांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, आणि सबसिडीच्या फॉर्मबद्दल पत्रं येतील असं वाटलेलं तर बहुतेक पत्रं त्या चार ओळींवरच आली. वाळपईपासून काणकोणपर्यंत लोकांनी लिहिलंय, काही जणांनी तर व्हॉट्सअॅपवर लांब ऑडिओ पाठवलेत, ते सगळे ऐकले मी. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देतो, तिथे घराघरात वीज का नाही आणि कर्जाचा त्याच्याशी काय संबंध. घरच्या सोलरचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. मुलांनी प्रोजेक्टसाठी नेटवरून जागतिक बँकेचा एक तक्ता काढला. त्यात काँगो, युगांडा, इथिओपिया असे देश अक्षय ऊर्जेच्या वापरात ९० टक्क्यांच्या घरात दिसतात, भारत साधारण एक तृतीयांश, आणि श्रीमंत देश बरेच खाली. मुलं विचारतात, बाई, हे देश आपल्या पुढे गेले कसे? मला नीट उत्तर देता आलं नाही. (एक शिक्षिका)

बाई, आकडा खरा आहे, मुलांचं काही चुकलं नाही. फक्त तो रकाना कशाचा आहे ते बघायला हवं. तो नुसत्या विजेचा नाही, देशात जेवढी ऊर्जा वापरली त्या सगळ्याचा आहे. घरात रांधायला, पाणी तापवायला, गाड्यांना, कारखान्यांना जे जे काय जाळलं ते सगळं त्यात आलं. आणि लाकूड, लाकडी कोळसा, शेणी, पिकाचा पालापाचोळा हे सगळं त्यात अक्षय म्हणून धरतात, कारण झाड परत वाढतं. त्यामुळे ज्या देशात बहुतेक घरात तीन दगडांची चूल आहे, गाड्या कमी, कारखाने कमी, तो देश या रकान्यात आपोआप वर जातो, त्याने एक सुद्धा सोलर पॅनल लावलं नसलं तरी. भारताच्या आकड्यात पण आपल्या गावागावातल्या चुली आहेत, हे मुलांना नक्की सांगा.

माझी आत्या सत्तरीत राहते. तिच्याकडे गॅस आहे, पण न्हाणीतलं भाण अजून चुडतं, पिड्डे आणि सोडणं असलं माडाचं सरपण जाळूनच तापतं, आणि चवथीच्या दिवसात माणसं वाढली की मागच्या पडवीतली चूल पण पेटते. जुलै महिन्यात मी तिथे गेलो होतो तेव्हा लाकडं ओली, ती फुंकणीने फुंकतेय, धूर कौलातून बाहेर जायच्या ऐवजी खाली बसलाय आणि तिच्या डोळ्यातून घळाघळा पाणी. मी दहा मिनिटात बाहेर पळालो. आता हीच चूल, पण गॅसचा पर्यायच नाही, खोली एकच, दिवसातून दोन-तीन वेळा, बारा महिने, आणि पाठीला बांधलेलं तान्हं पोर. काँगोतल्या त्या ९० टक्क्यांच्या वरच्या आकड्याच्या आत जाऊन बघितलं की बहुतेक हेच दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, त्यात पाच वर्षाखालची मुलं दोन लाखाच्या वर. हा आकडा मुलांना त्याच तक्त्याच्या शेजारी लिहायला सांगा.

शहरात लाकूड नाही, तिथे लाकडी कोळसा चालतो. काँगोची राजधानी किन्शासा, तिथे त्याला मकाला म्हणतात, पोत्यापोत्यांनी येतो. लाकडं रचून वरून माती लिंपतात आणि आत हवा न देता दिवसेंदिवस धुमसत ठेवतात, त्यात लाकडातली बरीचशी ऊर्जा कोळसा तयार होण्याआधीच उडून जाते, म्हणजे रांधायला जेवढं हवं त्याच्या कितीतरी पट जंगल तुटतं. काँगोच्या पूर्वेला विरुंगा नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, पहाडी गोरिलांचं. २००७ मध्ये तिथे गोरिला मारले गेले आणि त्यामागे कोळशाचा धंदा असल्याचं पुढे आलं. नंतर त्या उद्यानानेच नदीवर मातेबे इथे सुमारे १३ मेगावॉटचं छोटं वीजकेंद्र उभारलं, २०१५ च्या शेवटी सुरू झालं, की आजूबाजूच्या लोकांना वीज मिळाली तर जंगल वाचेल. आता गंमत बघा, मातेबेची वीज आणि त्या जंगलातला कोळसा, दोन्ही या तक्त्यात एकाच रकान्यात पडतात.

इथिओपियाचं उदाहरण अजून चांगलं आहे, कारण तिथली वीज खरंच जवळजवळ सगळी पाण्यावरची, कोळसा-डिझेल नाहीच म्हणा ना. पण घरात इंजेरा भाजतात ती बहुतेक लाकडावर. इंजेरा म्हणजे आपल्या आंबोळीसारखी, पीठ आंबवून केलेली, पण परातीएवढी मोठी, आणि तिचा तो मातीचा तवा तापवायलाच ढीगभर सरपण लागतं.

वर्गात एक करून बघा. त्या ९० टक्क्यांच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना काढा, किती टक्के लोकांच्या घरी वीज आहे त्याचा. काँगोत साधारण पाचातल्या एकाच्या घरी, चाडमध्ये दहातल्या एकाच्या आसपास, युगांडात जवळपास निम्म्यांकडे. दोन रकाने शेजारी आले की मुलं स्वतःच बोलायला लागतील, तुम्हाला समजवावं लागणार नाही.

प्रश्न : माझे वडील पोर्तुगीज काळात मोझांबिकला बैरा बंदरात नोकरीला होते, आमच्या घरात अजून तिथला एक लाकडी पेटारा आहे. त्यांच्या ओळखीचे लोक सांगायचे की पोर्तुगीजांनी तिथे झांबेझी नदीवर प्रचंड धरण बांधलं. एवढं धरण असून तिथे गावोगाव वीज का नाही? (वय ७८, मडगाव)

आजोबा, त्या धरणाचं नाव कहोरा बासा. १९६९ मध्ये काम सुरू झालं, १९७४ च्या शेवटी जलाशय भरायला लागला, आणि जून १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाला. क्षमता २०७५ मेगावॉट, तेव्हा आणि आता सुद्धा आफ्रिकेतल्या मोठ्यात मोठ्या धरणांपैकी एक. पण ते बांधताना गिऱ्हाईक ठरलेलं होतं दक्षिण आफ्रिका. धरणापासून जोहान्सबर्गच्या जवळपर्यंत सुमारे १४०० किलोमीटरची डीसी लाइन टाकली, आणि वाटेतल्या गावांना त्यातून एक बल्ब लावायची सोय नाही, कारण अशा लाइनीतून मधेच टॅप मारून वीज काढता येत नाही, त्याला मोठं कन्व्हर्टर स्टेशन लागतं. म्हणजे गावातली माणसं डोक्यावरून जाणाऱ्या तारा बघत चुलीवर रांधत राहिली. राजधानी मापुतोला सुद्धा कहोरा बासाची वीज दक्षिण आफ्रिकेच्या ग्रिडमधून फिरून परत येते, आजही.

पुढे यादवी युद्ध झालं, रेनामो या बंडखोर संघटनेच्या लोकांनी लाइनीचे टॉवर एकामागून एक उडवले, आणि ती लाइन वर्षानुवर्षं बंद. १९९० च्या दशकाच्या शेवटी परत चालू झाली. आणि धरणाची बहुतेक मालकी कोणाकडे? २००७ पर्यंत पोर्तुगालकडे, ८२ टक्के. मोझांबिकने ती सोडवून घेतली त्यासाठी ९५ कोटी डॉलर मोजले. आपल्याच नदीवरचं धरण आपलं करून घ्यायला! ती रक्कम उभी करायला परत कर्जच काढावं लागलं. त्या दिवशी लोक रस्त्यावर नाचले होते आणि मला त्यांचा तो आनंद पूर्णपणे समजतो, आपल्याकडच्या १९६१ च्या आठवणी ज्यांच्याकडे आहेत त्यांना तर सांगायलाच नको.

मग दुसरा घाव बसला. २०१३-१४ मध्ये टुना मासे पकडायच्या बोटी, किनाऱ्यावरची गस्त, अशा नावाखाली सरकारी कंपन्यांनी परदेशी बँकांकडून साधारण २०० कोटी डॉलर उचलले, त्याला सरकारने हमी दिली आणि संसदेला पत्ता नाही. २०१६ मध्ये ते उघड झालं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आणि मदत देणाऱ्या देशांनी हात आखडला, तिथलं चलन मेटिकल कोसळलं. तेव्हाचे अर्थमंत्री मान्युएल चांग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दोषी ठरवलं, पण कर्जाचा बोजा पडला तो त्या माणसांवर ज्यांनी ना बोट बघितली ना मासा. विजेच्या खांबांना, ट्रान्सफॉर्मरला, शाळेला जे पैसे गेले असते ते व्याजात गेले.

बैराचं सांगायचं तर मार्च २०१९ मध्ये इदाई चक्रीवादळाने ते शहर अक्षरशः झोडपलं, विजेच्या लाइनी आडव्या झाल्या. त्याच वर्षी त्याच देशात मोकुबा इथे ४० मेगावॉटचं सोलर केंद्र सुरू झालं, देशातलं पहिलं मोठं. म्हणजे सगळंच काळं नाही. तुमच्याकडे त्या काळचे फोटो असतील तर पाठवा, पेटाऱ्याचा पण चालेल.

प्रश्न : आम्ही घरावर ३ किलोवॉटचं सोलर बसवलं, बिल जवळजवळ शून्यावर आलं. पॅनल आता एवढे स्वस्त झालेत, आफ्रिकेत ऊन आपल्यापेक्षा जास्त, पाऊस आपल्याएवढा नाही. मग ते लोक सरळ सोलर का लावत नाहीत? कर्जाचा आणि उन्हाचा काय संबंध? (तरुण वाचक, फोंडा)

भाऊ, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण मी स्वतः सोलर बसवायचा धंदा करतो आणि बरीच वर्षं मला पण हेच वाटायचं.

आधी तुमच्याच घरचं घेऊ. डिझेल जनरेटर घ्यायला स्वस्त, पण रोज डिझेल ओतावं लागतं. सोलरचं उलटं, २०-२५ वर्षांच्या विजेचे पैसे पहिल्याच दिवशी द्यायचे, नंतर धुणं-पुसणं सोडलं तर खर्च नाही. म्हणून सोलरची वीज किती पैशाला पडते हे पॅनलच्या भावापेक्षा जास्त, ते पैसे कुठल्या व्याजाने आणले त्यावर ठरतं. तुम्हाला केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉटला ७८ हजार सबसिडी मिळाली असेल, उरलेल्याला बँकेने ६-७ टक्क्याने लोन दिलं असेल. समजा १ लाख, १० वर्षं, ७ टक्के, तर इएमआय साधारण ११६० रुपये, एकूण परतफेड १ लाख ३९ हजार. आता तेच पॅनल, तेच ऊन, तेच छप्पर, फक्त व्याज २० टक्के करा. इएमआय १९३० च्या वर आणि परतफेड २ लाख ३२ हजाराच्या जवळ. वीज तेवढीच, एक युनिट जास्त नाही. तुम्ही बसवलं असतं का? मी तरी नसतं बसवलं.

ज्या देशावर आधीच कर्जाचा डोंगर आहे त्याला कोणी ७ टक्क्याने देत नाही, बुडवेल या भीतीने सावकार व्याज वाढवतो, व्याज वाढलं की सोलर महाग, मग स्वस्तात घेता येणारा डिझेल जनरेटर घेतात, त्याचं डिझेल डॉलरमध्ये आणावं लागतं, डॉलर संपतात, परत कर्ज. आपल्याकडे भाटात कामाला येणाऱ्या माणसाला दुकानदार उधारीवर तांदूळ पाव-पाव किलो देतो आणि तो किलोमागे जास्तच पैसे देतो, पोतं घेणाऱ्याला स्वस्त पडतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. देशांचं पण तसंच आहे, बाकी काही मोठं शास्त्र नाही त्यात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये सांगितलं होतं की जगातल्या सगळ्यात चांगल्या उन्हाच्या जागांपैकी ६० टक्के आफ्रिकेत आहेत, आणि जगातल्या सोलर क्षमतेतला आफ्रिकेचा वाटा १ टक्का. मधली जी दरी आहे ती व्याजाची आहे, असं माझं स्पष्ट मत.

याचा उलटा पुरावा पण आहे. झांबियाने २०१६ मध्ये सोलरचा लिलाव केला, जागतिक बँकेच्या गटाने हमी दिली, स्वस्त कर्जाची सोय केली, कागदपत्रं तयार ठेवली. बोली आली युनिटला ६ सेंट, तेव्हाच्या भावाने आपले ४ रुपये. आफ्रिकेत तेव्हा एवढा कमी भाव कोणी ऐकला नव्हता. ऊन काही त्या वर्षी वाढलं नव्हतं.

अजून एक अडचण आहे आणि गोव्यातल्या वाचकांना ती लगेच कळेल, कारण इथे घरटी नाही तरी वाड्यागणिक एक तारवटी आहेच. जहाजावरचा पगार डॉलरमध्ये, रुपया पडला की घरी जास्त पैसे येतात, घरचे खूष. आता हे उलटं धरा, कमाई रुपयात आणि हप्ता डॉलरमध्ये. झांबियाचं वीज मंडळ लोकांकडून बिल घेतं क्वाचा या तिथल्या चलनात आणि वीज विकणाऱ्या कंपन्यांना, कर्ज देणाऱ्यांना द्यायचे असतात डॉलर. क्वाचा पडला की काहीही न वापरता देणं वाढतं. नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाने हप्ता चुकवलाच.

आणि देणं चुकलं की काय होतं ते गिनी-बिसाऊमध्ये बघा, हा पण आपल्यासारखा जुना पोर्तुगीज मुलूख. बिसाऊ शहराला २०२३ मध्ये वीज यायची ती किनाऱ्याजवळ नांगरलेल्या एका जहाजावरून, तुर्की कंपनीचं तरंगतं वीजकेंद्र, तेलावर चालणारं. आपल्या मांडवीत कसिनोची जहाजं उभी असतात ना, तसं एक जहाज आणि त्यातून निघालेल्या केबलवर अख्खी राजधानी. ऑक्टोबर २०२३ मध्ये दीड कोटी डॉलरच्या आसपास थकले आणि कंपनीने स्विच बंद केला. राजधानी काळोखात, हॉस्पिटलं, रेडिओ सगळं अडकलं, पैशाचा एक हप्ता दिला तेव्हा लाइट आली. त्या शहरावर ऊन तर रोजच पडतं. पण एकदम सोलर घ्यायला हातात पैसे नाहीत म्हणून ते महिन्याच्या भाड्याने काळोख टाळत होते, आणि भाडं चुकलं.

इथिओपियाने वेगळा रस्ता धरला तो पण सांगतो. नाईलच्या पाण्याच्या भांडणामुळे त्यांच्या मोठ्या धरणाला बाहेरची कर्जं मिळेनात, तर २०११ पासून सरकारी नोकरांचे पगार, बॉण्ड, बाहेरगावी असलेल्या लोकांचे पैसे असं गोळा करून ५१५० मेगावॉटचं धरण बांधलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. पण लक्षात घ्या, त्याच देशाने डिसेंबर २०२३ मध्ये ३ कोटी ३० लाख डॉलरचा बॉण्डचा हप्ता चुकवला. वीजकेंद्र झालं तरी घराघरात तारा न्यायला परत पैसे लागतातच.

प्रश्न : मग सरळ सगळं कर्ज माफ करून टाकलं तर? (गृहिणी, पेडणे)

ताई, केलं होतं. १९९६ मध्ये नाणेनिधी आणि जागतिक बँकेने 'अतिकर्जबाजारी गरीब देश' अशी यादीच केली, एकूण ३९ देश, बहुतेक आफ्रिकेतले. २००५ मध्ये अजून माफी वाढवली. त्याने फायदा झाला, शाळा-दवाखान्यावरचा खर्च वाढला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण झांबियाला २००५ मध्ये माफी मिळाली आणि २०२० मध्ये परत बुडीत, घानाला २००४ मध्ये मिळाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये परत तेच. या वेळी सावकार पण बदललेत, आधी सरकारं आणि जागतिक बँक होती, आता चीन आहे, बॉण्डवाले आहेत, त्यांना एका टेबलावर बसवायलाच वर्षं जातात. शेतकऱ्याला एकदा कर्जमाफी दिली आणि पाणी, भाव, रस्ता काहीच बदललं नाही तर तो पाच वर्षांनी परत बँकेच्या दारात, तसंच.

एक प्रकार मला त्यातल्या त्यात पटतो, कर्ज माफ न करता वळवायचं. केप वर्दे नावाचा बेटांचा देश, तो त्या ३९ च्या यादीत नाही पण कर्ज भरपूर. त्याचं पोर्तुगालला १४ कोटी युरो देणं होतं. जानेवारी २०२३ मध्ये पोर्तुगालने सांगितलं, २०२५ पर्यंतचे १ कोटी २० लाख युरो आम्हाला परत करू नका, तुमच्याच देशात हवामान आणि पर्यावरणाच्या फंडात घाला, अक्षय ऊर्जेला वापरा. हे सांगणारे पंतप्रधान होते अंतोनियु कॉश्ता, ज्यांच्या वडिलांचं मूळ आपल्या मडगावचं, २०१७ मध्ये ते मडगावच्या घरी येऊन पण गेले होते. रक्कम छोटी आहे, पण पद्धत बरोबर आहे. कर्ज देणाऱ्यांनी सगळ्यांनी असं केलं तर फरक पडेल.

प्रश्न : आमच्या वाड्यावर चवथीला दोन दिवस लाइट नव्हती, माटोळीखाली समई लावून बसलो. तुम्ही आफ्रिकेचं काय सांगता, आधी इथलं बोला. (संतापलेला वाचक, सांगे)

तुमचा राग बरोबर आहे आणि मी तो टाळत नाही. चवथीला मुंबईहून, गल्फहून माणसं येतात, घरात वीस-पंचवीस जण, पंप चालत नाही म्हणून विहिरीवरून पाणी काढायचं, मला पण माहीत आहे ते. गोव्याची स्वतःची वीजनिर्मिती जवळजवळ नाहीच, आपली बहुतेक वीज बाहेरच्या राज्यांतल्या कोळशाच्या केंद्रांतून लांबलांबच्या लाइनीवरून येते, त्यात पावसात झाडं पडतात. म्हणूनच या सदरात मी छपरावरच्या सोलरचं आणि बॅटरीचं एवढं लिहितो.

पण मला दोन्ही एकत्रच दिसतं. जानेवारी २०२२ मध्ये मलावी देशात आना वादळाने शिरे नदीवरचं कापिचिरा वीजकेंद्र फुटलं, साधारण १३० मेगावॉट, देशाच्या विजेचा तिसरा हिस्सा एका दिवसात गेला. आपल्या वाड्यावर झाड पडलं की दोन दिवसांनी का होईना लाइनमन येतो, शिडी लावतो, तार जोडतो. तिथे दुरुस्तीचे पैसे आधी बाहेरून मंजूर व्हायला हवेत, केंद्र परत चालू व्हायला वर्षाच्या वर गेलं. झांबियात २०२४ च्या दुष्काळात करिबा धरणात पाणी उरलं नाही तेव्हा दिवसाचे १७-१८ तास वीज नसायची, शिवणकाम करणारे, वेल्डिंगवाले, सलूनवाले सगळ्यांची रोजी गेली. सगळी अंडी एका टोपलीत, म्हणजे सगळी वीज एका नदीवर, आणि टोपली बदलायला पैसे नाहीत. वादळ आणि दुष्काळ आपल्याकडेही वाढतायत, म्हणून त्यांचं जे चाललंय ते मला लांबचं वाटत नाही. तुम्ही तुमच्या वाड्याचा लोड आणि ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा आहे ते कळवा, पुढच्या अंकात त्यावर लिहितो.

प्रश्न : आमचं महिला मंडळ जुने सौर कंदील गोळा करून आफ्रिकेतल्या एखाद्या गावाला पाठवायचं म्हणतंय, बरं होईल का? (म्हापसा)

वहिनी, मनापासून सांगतो, नका पाठवू. जुन्या कंदिलाची बॅटरी आधीच अर्धी मेलेली असते, तिथे पोचून दोन-चार महिन्यात बंद पडणार, सुटे भाग मिळणार नाहीत, आणि मग ती बॅटरी तिथल्या उकिरड्यावर. जे मोफत आलं ते दुरुस्त कोण करणार? आफ्रिकेत पूर्वेकडे केनियापासून सुरू झालेली एक पद्धत चालते, छोटं पॅनल, दोन-तीन बल्ब, मोबाईल चार्जिंग, आणि पैसे रोजच्या रोज मोबाईलवरून द्यायचे, रॉकेलला जेवढे जायचे साधारण तेवढेच. हप्ता थांबला की सिस्टम लॉक होते, एकूण किंमत रोखीपेक्षा बरीच जास्त पडते, म्हणजे इथे पण व्याज आलंच, पण निदान बंद पडलं तर बघायला माणूस असतो.

तुमच्या मंडळाला खरंच काही करायचं असेल तर राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया गाव आहे, तिथल्या बेअरफूट कॉलेजची माहिती काढा. १९७२ पासूनची संस्था. तिथे सिएरा लिओन, मलावी, मोझांबिक अशा देशांतल्या बायका सहा महिने राहून सोलरचं काम शिकल्यात, खर्च भारत सरकारच्या योजनेतून. त्यात पुष्कळ जणी आजी झालेल्या, शाळेत न गेलेल्या, गावाच्या बाहेर सुद्धा कधी न पडलेल्या. त्यांची भाषा शिकवणाऱ्यांना येत नाही, शिकवणाऱ्यांची त्यांना नाही. मग शिकवतात कसं, तर रंगांनी आणि खुणांनी. रेझिस्टरवर रंगाचे पट्टे असतात, तपकिरी, काळा, लाल, ते बघून कुठला भाग सर्किट बोर्डवर कुठे लावायचा हे त्या पाठ करतात, डिझायन बघून विणकाम करतो आपण तसं, आणि मग हातात सोल्डरिंग आयर्न. परत गेल्यावर गावातली कमिटी प्रत्येक घराकडून महिन्याला थोडे पैसे गोळा करते, रॉकेलला जायचे त्यातले, आणि त्यातून त्या बाईला पगार देते, बल्ब गेला, वायर तुटली की तीच बघते.

आणि कंदील जमवलेच असतील तर माझ्या दुकानावर आणून द्या, ज्यात नवीन बॅटरी घालता येईल ते दुरुस्त करून देतो, सत्तरी आणि सांगेत डोंगरावर अजून अशी घरं आहेत जिथे पावसात ते लागतात. बाकीच्यांच्या बॅटऱ्या फेकू नका, त्या पण आणा.